बावीस गावांची चौकट

समाजाच्या वधू-वर वेबसाइटला बावीस मालक होते, आणि त्यातल्या एकालाही दुसऱ्याच्या खालची पायरी चालली नसती.

त्याचं असं झालं. साइट बनवणाऱ्या हितेंद्रने अगदी सुरुवातीला मंडळाच्या अध्यक्षांना, जामनेरच्या शालिग्राम आबांना, साधा प्रश्न विचारला होता, "आबा, अ‍ॅडमिन कोणाला करू?" भोळा माणूस! आबा म्हणाले, "एकाला करशील तर उरलेली एकवीस गावं मेळाव्याचं जेवण सोडून जातील." खोटं नव्हतं ते. मांडवात टोपी-टॉवेल आधी कोणाला दिला यावरून भरल्या ताटावरून उठलेली माणसं ही. मग बावीस गावांचे बावीस प्रमुख अ‍ॅडमिन झाले. एकाचा पासवर्ड लांब, दुसऱ्याचा आखूड अशी कुरबुर नको म्हणून सगळ्यांना लॉगिन एकच आणि पासवर्डही एकच. तोसुद्धा मेळाव्यात माइकवरून जाहीर केलेला.

गेल्या दिवाळीत साइटची देखभाल रूपालीकडे आली, तेव्हा हा किस्सा ऐकून ती पोट धरून हसली होती. मंगळवारी भर दुपारी कामिनीचा फोन आला आणि हसण्यावारी नेण्यासारखं त्यात काही उरलं नाही.

कामिनी म्हणजे तिची धाकटी बहीण. धुळ्याला एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट होती आणि देवपुरात खोली घेऊन एकटी राहायची. रूपाली जळगावात, रोनक नावाच्या तरुण मारवाडी मालकाच्या वेबसाइटच्या ऑफिसात. खाली रोनकच्या वडिलांचं डाळीचं दुकान, वर या लोकांचे संगणक. डाळीची भुकटी थेट कीबोर्डवर येऊन बसायची.

"ताई, फाटकाशी एक माणूस आला होता," कामिनी म्हणाली. आवाज दबका होता.

"कोण माणूस?"

"ओळख ना पाळख. म्हणे साइटवरच्या सूचीत बघितलं. मी म्हटलं, सूचीत पत्ता नसतो. तर हसला मेला. म्हणाला, साखरपुडा मोडलेल्या पोरीनं एवढा तोरा मिरवू नये."

रूपालीच्या हातातला माउस जागीच राहिला. कामिनीचा साखरपुडा मोडल्याचं दोन घरांबाहेर कोणाला ठाऊक नव्हतं. लिहिलेलं होतं ते एकाच ठिकाणी, साइटवरच्या फॉर्मच्या शेवटच्या रकान्यात. त्या रकान्यावर ठळक अक्षरांत होतं, 'फक्त समितीसाठी'. आजार, मोडलेली लग्नं, घरातली दुखणी लोक तिथे लिहायचे. तो रकाना उघडायचा अधिकार बावीस मालकांनाही नव्हता. महिला समितीच्या सुनंदाबाई तेवढ्या आपल्या वेगळ्या पासवर्डने तो वाचायच्या. कामिनीला तिथे काही लिहायचंच नव्हतं. रूपालीनेच तिला बसवून लिहायला लावलं होतं. "खरं लिही, नंतर निस्तरावं लागत नाही. आणि साइट माझ्या हातात आहे ना गं!"

"कमे, आत्ताच्या आत्ता पोलिसात तक्रार दे. घरमालकिणीला सोबत घेऊन जा."

"जाते." कामिनी म्हणाली. "पण ताई, तू म्हणाली होतीस."

एवढंच बोलून तिने फोन ठेवला. भांडली असती तर बरं झालं असतं. रूपालीने डबा तसाच बाजूला सारला आणि साइट आतून उघडली. आज हे सापडल्याशिवाय उठायचं नाही, हे तिचं ठरलं.

आणि सापडलं ते नियमांच्या चौकटीत.

ही चौकट काय भानगड आहे ते सांगायला हवं. समाजात कोणत्या कुळाची कोणाशी सोयरीक होते आणि कोणती कुळं एकमेकांची भाऊबंद, म्हणून त्यांच्यात लग्न नाही, हे गावागणिक वेगळं. त्यात दर वार्षिक सभेत कोणीतरी नवं खुसपट काढणार आणि नियम बदलणार. साइटने जुळणारी स्थळं दाखवायची तर हे नियम तिला कोडच्या भाषेत सांगावे लागतात. दर वेळी हितेंद्रच्या मागे तगादा. शेवटी कंटाळून त्याने साइटच्या आत एक रिकामी चौकट करून दिली. तो नियमाचा कोड लिहून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणार, गावप्रमुखाने तो उचलून चौकटीत चिकटवायचा, झालं काम! चौकटीतला मजकूर डेटाबेसमध्ये, म्हणजे पोरापोरींची सगळी माहिती असते त्याच कोठारात, जाऊन पडायचा. आणि कोणीही साइटचं पान उघडलं की साइट तो मजकूर तिथून काढून, जे लिहिलं असेल ते हुकूम म्हणून पाळायची.

जे लिहिलं असेल ते! कोणी लिहिलं, कशासाठी लिहिलं, काही विचारायचं नाही. लग्नघरच्या आचाऱ्याने भिंतीवरची चिठ्ठी वाचून रांधावं, तशातली गत. चिठ्ठीत मीठ म्हटलं तर मीठ, उंदराचं औषध म्हटलं तर तेही. आणि कोठीघराची किल्ली त्याच आचाऱ्याच्या कमरेला. सुनंदाबाईंचा रकाना माणसांना बंद होता, साइटला कसा बंद असणार? ती माहिती साइटच तर सांभाळत होती.

चौकटीत गावोगावचे नियम होते. ते संपल्यावर बरीच मोकळी जागा सोडून, सहज नजर जाणार नाही इतक्या खाली, आणखी काही ओळी होत्या. त्या कोणत्याही कुळाबद्दल बोलत नव्हत्या. पान उघडलं की आलेले सगळे फॉर्म, समितीच्या रकान्यासकट, एका परक्या पत्त्यावर पाठव, असा तो हुकूम होता. रूपालीने त्या ओळी दोनदा वाचल्या.  एकट्या कामिनीचं नव्हतं हे. बावीस गावांच्या सगळ्या पोरींचं होतं.

तिने ओळी पुसल्या आणि आबांना फोन लावला. आबा फोनवरही सभेत बोलल्यासारखेच बोलायचे.

"मेळावा तोंडावर आलाय, नोंदणी चालू आहे. कशालाही हात लावू नकोस. रविवारी सभा आहे, तिथे मांड."

"आबा, पोरींची माहिती बाहेर जातेय!"

"ओळी काढल्यास ना? मग झालं तर."

झालं कुठलं! दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात येऊन बघते तर ओळी परत जागच्या जागी. तिने पुसल्या. तिसऱ्या दिवशी पुन्हा हजर. कोणी टाकल्या ते नोंदीत बघावं, तर टाकणाऱ्याचं नाव 'मंडळ'. एकच लॉगिन म्हटल्यावर दुसरं काय दिसणार? पासवर्ड बदलूनही भागणार नव्हतं. नवा पासवर्ड बावीस जणांना द्यावा लागणार, आणि बावीस जणांना दिलेलं गुपित म्हणजे गावदवंडीच. साइटने चौकटीतला मजकूर पाळणंच बंद केलं पाहिजे, याशिवाय उपाय नव्हता. पण त्यासाठी सर्व्हरवरच्या मूळ फायलीत हात घालावा लागतो, आणि सर्व्हरची किल्ली, म्हणजे तिथला मुख्य पासवर्ड, अजून हितेंद्रकडे होती.

"ताई, गावकीत हात घालू नका," रोनक म्हणाला. "पोळतील."

"पोळले तर माझे पोळतील. मला उद्या सुट्टी हवीय."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या ओळी पुसून तिने धुळ्याची एसटी धरली. एरंडोल गेलं, पारोळा गेलं, खिडकीतून कपाशीची शेतं मागे पडत राहिली. बाहेर बघायचं तिचं लक्षच नव्हतं. हितेंद्रला काय बोलायचं ते ती मनात घोळवत होती. मोबाइलवर अधूनमधून चौकट उघडून बघत होती, ओळी परत आल्या नाहीत ना म्हणून.

कामिनी स्टँडवर घ्यायला आली होती. तक्रार दिली होती, पोलिसांनी चौकशी करू म्हटलं होतं. चेहरा ओढलेला होता. रूपालीने सगळं समजावून सांगितल्यावर ती फटकन म्हणाली, "चौकटीत लिहिलेलं काहीही साइट करते ना? मग तूच चौकटीत लिहून तिचं तोंड बंद कर की. त्या म्हाताऱ्यांना विचारतेस कशाला?"

"करता येईल. पण उद्या हितेंद्र परत चालू करून देईल आणि वर म्हणतील, पोरीनं मेळाव्याच्या तोंडावर साइट मोडली. आणि कमे, न विचारता घुसले तर त्या फाटकावरच्या माणसात आणि माझ्यात फरक काय राहिला?"

 हितेंद्रच्या दारापर्यंत कामिनी बहिणीचा दंड धरून आली.

हितेंद्र आता देवपुरात संगणकाचे क्लास घ्यायचा. माणूस वाईट नव्हता, पण आपल्या हातच्या कामावर बोट ठेवलेलं कोणाला आवडतं?

"चौकट व्यवस्थित चालते, मॅडम. इतकी वर्षं एक तक्रार नाही."

"कुलूप नसलेलं घरही चोर येईपर्यंत व्यवस्थितच चालतं, हितेंद्रभाऊ."

त्याने कामिनीकडे बघितलं. फाटकावरची गोष्ट ऐकल्यावर तो चुळबुळला, उगाच टेबलावरचे पेन सरळ करत राहिला. मग म्हणाला, "चौकट पाळ म्हणून सांगणारी मूळ फायलीत एकच ओळ आहे. ती काढली की साइट चौकटीतलं नुसतं वाचेल, पाळणार नाही. किल्ली देतो मी. पण आबांचा फोन आला पाहिजे. मंडळाच्या निवडणुकीत दोन गटांनी साइट पळवायला बघितली होती. तेव्हा आबांनी मला कुलदैवतेची आण घातलीय, माझ्या तोंडच्या शब्दाशिवाय किल्ली कोणाला देऊ नको म्हणून."

"आणि शब्द आला तर?"

"त्याच पावली देतो."

म्हणजे सगळं येऊन ठेपलं आबांवर. आणि आबा म्हणजे रूपालीचं जुनं दुखणं. तिचं लग्न त्यांच्याच मध्यस्थीने झालं होतं आणि वर्ष-सव्वा वर्षात मोडलं होतं. 'पटलं नाही' इतकंच तिने घरी सांगितलं, समाजानेही तेवढंच ऐकलं. आबा एका बैठकीत सर्वांसमोर म्हणाले होते, "हल्लीच्या पोरींना कळ काढता येत नाही." आईने ते ऐकलं होतं आणि घरी येऊन रडली होती. तेव्हापासून रूपाली आबांशी कामापुरतं बोलायची. आता त्याच माणसाच्या तोंडून शब्द काढायचा होता. काढायचाच, ती स्वतःला म्हणाली.

रविवारी ती रोनकचा प्रोजेक्टर पिशवीत घालून जामनेरला गेली. मंडळाच्या हॉलमध्ये चहा-फरसाण चालू होतं, बावीस गावांचे प्रमुख आपापल्या मानाच्या खुर्च्यांवर बसले होते. बायकांत सुनंदाबाई एकट्याच, कोपऱ्यात. रूपालीने उभं राहून फाटकावरच्या माणसापासून चौकटीतल्या ओळींपर्यंत सगळं सांगितलं. कामिनीचं नाव घेतलं नाही. मग म्हणाली, "माझ्या दोन मागण्या आहेत. चौकट आज बंद करायची, आणि ज्या ज्या घरातली मुलगी सूचीत आहे त्या प्रत्येक घरी मंडळाने फोन करून हे सांगायचं."

हॉलमध्ये जो गलका उठला म्हणता! पोरींचं राहिलं बाजूला, आधी हे काम कोणत्या गावचं, यावर जुंपली. यावलकडच्यांनी धुळ्याकडच्यांकडे बोट दाखवलं, धुळ्याकडच्यांनी चोपड्याकडे. निवडणुकीतली उणीदुणी निघाली, कोणाच्या तरी काकाने पूर्वी केलेली लबाडी निघाली.

"चोर मागाहून शोधा!" रूपाली ओरडली. "आधी दार लावा!"

"दार लावायचं म्हणजे आमचं अ‍ॅडमिनपद काढायचं, असंच ना?" एकाने विचारलं. "सरळ सांगा की आमच्या गावाला मान नको म्हणून."

"आणि घरोघरी फोन?" दुसरा म्हणाला. "समाजाचा बोभाटा करायचाय का?"

तेवढ्यात धुळे तालुक्यातले झुलाल नाना उभे राहिले. एसटीत ड्रायव्हर होते, आता निवृत्त. उभ्या नोकरीत एकदाही गाडी उशिरा नेली नाही असं सांगायचे, आणि मंडळाचं कामही त्याच शिस्तीने करायचे. रागाच्या भरात ते तडक अहिराणीवर आले.

"पहिलं मनं ऐका बठ्ठा! आमना गावना नियम रोज सकायमा मी त्या चौकटमा टाकस, अन् रोज कोनीतरी काढी टाकस! हाई कोनं काम शे? आमना गावले काही मान शे का नही?"

रूपाली त्यांच्याकडे बघतच राहिली. तिला सगळं एका क्षणात उमगलं. ती पुसत होती, आणि हा म्हातारा, आपल्या गावावर अन्याय होतोय या समजुतीने, सकाळी उठून इमानेइतबारे परत टाकत होता.

"नाना," ती म्हणाली, "काढणारी मी. तुम्हाला तो नियम कोणी पाठवला, मला दाखवता?"

नानांनी मोबाइल पुढे केला. मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर निरोप होता. 'यंदाचे सुधारित नियम. सर्व गावप्रमुखांनी चौकटीत सगळ्यात शेवटी, जागा सोडून टाकावेत. जय समाज.' खाली त्याच ओळी. पाठवणारा नंबर कोणाच्याच ओळखीचा नव्हता. ग्रुपमध्ये शिरायची लिंक मेळाव्याच्या बॅनरवर छापून चौकाचौकांत लावलेली, तेव्हा कोण कोण शिरलं याचा हिशेब कोण ठेवणार? निरोप सगळ्यांना गेला होता. बाकीच्या एकवीस जणांनी तो उघडूनही बघितला नव्हता. एकट्या नानांनी काम म्हणून मनावर घेतला होता.

हॉलला कोणाची तरी मान हवी होती. रूपालीने नुसतं बोट दाखवलं असतं तर नानांना तिथेच फाडून खाल्लं असतं, आणि चौकट राहिली असती तशीच उघडी. चोर सोडून संन्याशाला फाशी. नाही, ते होऊ द्यायचं नव्हतं. नियमासारखी दिसणारी ओळ काय करू शकते, ते या लोकांना डोळ्यांनी दिसायला हवं होतं. पण दाखवायचं तर कोणाची तरी खाजगी गोष्ट दाखवावी लागणार. कोणाची दाखवणार? समोर बावीस घरचे कर्ते बसले होते, प्रत्येकाच्या घरात पोरी होत्या.

तिने पदराने चेहरा पुसला. मग लॅपटॉपवर ओळी लिहिल्या आणि नानांच्या मोबाइलवर पाठवल्या.

"आबा, परवानगी द्या. नाना रोज टाकतात तसंच आत्ता टाकतील. मी दिलेलं. जबाबदारी माझी."

आबांनी भुवया उंचावल्या, पण मान हलवली. नानांनी चष्मा लावला, बोटाने हळूहळू ओळी उचलल्या आणि चौकटीत टाकल्या. भिंतीवर प्रोजेक्टरने साइटचं पहिलं पान दिसत होतं, वर गणपती, खाली मेळाव्याची तारीख. रूपालीने पान नव्याने उघडलं. गणपती गेला. त्या जागी एक फॉर्म आला.

नाव रूपाली. वर्ग पुनर्विवाह. त्याखाली मोबाइल, पत्ता, आणि सगळ्यात शेवटी 'फक्त समितीसाठी'.

'नवरा मारायचा. पट्ट्याने. एकदा कानातून रक्त आलं, डाव्या कानाने अजून कमी ऐकू येतं. आईला माहीत नाही. तिला आता सोसणार नाही, म्हणून पटलं नाही एवढंच सांगितलं आहे. तेवढंच राहू द्यावं, ही विनंती.'

 सुनंदाबाई खुर्चीवरून धडपडत उठल्या. "बंद कर गं ते, रूपाली! माझी शपथ आहे तुला!"

"राहू द्या, अक्का. वाचू द्या त्यांना." रूपालीने लॅपटॉपचं झाकण मिटू दिलं नाही. "दुसऱ्या पोरीचं दाखवलं असतं तर पाप लागलं असतं. हे माझं आहे, मी दाखवू शकते. अक्कांना हे वर्षभर माहीत आहे. त्यांनी भिंतीलासुद्धा कळू दिलं नाही. आणि नानांनी नियम म्हणून एक ओळ टाकली, तर साइटने ते भिंतीवर लावलं. साइटला लाजलज्जा नसते. चौकटीत जे येईल ते ती करते. असं लिहिलेल्या पोरी किती असतील, मला माहीत नाही. मी त्यांचं वाचलेलं नाही. पण कोणीतरी वाचतोय, आणि वाचून त्यांच्या फाटकाशी जाऊन उभा राहतोय."

आबांनी चष्मा काढून हातात धरला होता. 

"मला का नाही सांगितलंस?"

"ऐकलं असतंत का, आबा?"

आबांनी चष्मा परत लावला आणि भिंतीवरची शेवटची विनंती पुन्हा वाचली. 

नाना अजून मोबाइल हातात धरून उभेच होते. त्यांच्या हळूहळू ध्यानात येत होतं. "मंग त्या रोजन्या ओळी... हाई बठ्ठं मना हातेच व्हयनं?"

कोणीतरी "अरे म्हणजे यांनीच..." असं म्हणून उठू लागलं. रूपाली मध्ये पडली. "खबरदार कोणी नानांना बोललं तर! मंडळाचा निरोप समजून काम करणारे ते एकटे निघाले. तुम्ही सुटलात ते आळसामुळे. निरोप उघडला असतात तर तुम्हीही हेच केलं असतं."

उठणारा खाली बसला. नानांनी डोक्यावरची टोपी काढली. "मनी नात बी यामा शे का वं माय?"

"आहे, नाना."

"पहिलं मनं नाव काढ त्या अ‍ॅडमिनमाईन. नको माले हाऊ मान."

त्यानंतर मानाचं कोणी काढलं नाही. एकेक प्रमुखाने होकाराची मान हलवली. बोभाट्याचा विषय तेवढा एकाने पुन्हा काढून बघितला, तर सुनंदाबाई कडाडल्या, "पोरीच्या दारात परका येऊन उभा राहतो तेव्हा बोभाटा होत नाही का रे? गप बस!"

आबांनी फोन लावला. "हितेंद्र, किल्ली दे पोरीला. हो, मीच बोलतोय. माझा शब्द आहे."

किल्ली आली. रूपालीने तिथेच बसून मूळ फाइल उघडली, हितेंद्रने सांगितलेली ती एक ओळ शोधली आणि काढून टाकली. मग बावीस जणांचं ते सामाईक लॉगिनही बंद केलं. पान पुन्हा उघडलं. तिचा फॉर्म भिंतीवरून गेला, गणपती परत आला. चौकट उघडून बघितली तर नानांनी टाकलेल्या ओळी आत तशाच होत्या, पण आता ती नुसती अक्षरं होती. रद्दीच्या कागदावर लिहिल्यासारखी. सोयरिकीचे नियम वर्षातून एकदा सभेने ठरवायचे आणि तिने तपासून स्वतः साइटमध्ये घालायचे, असं ठरलं. जुळणी तोवर बंद. मेळाव्यात माणसांनी माणसांना विचारून घ्यावं, पूर्वी घ्यायचे तसं.

"आता फोन," रूपाली म्हणाली.

आबांनी खुर्ची पुढे ओढली. "पहिला तुझ्या आईला करतो. मला तिची माफी मागायची आहे."

"आईला नको, आबा. तिला मी सांगेन. तुम्ही धुळ्याला कामिनीला करा. फाटकावर माणूस तिच्याच आला होता."

संध्याकाळी ती जामनेरच्या स्टँडवर प्रोजेक्टर मांडीवर घेऊन बसली होती, तेव्हा कामिनीचा फोन आला.

"ताई, आबा बोलले. मला वाटलं हुकूम सोडतील. तर चक्क रडत होते गं." मग म्हणाली, "तू काय दाखवलंस तेही बोलले. ताई, कानाचं मला तरी सांगायचं होतंस."

"आता कळलं ना."

"आबा म्हणाले, नाव ठेवायचं की काढायचं ते तुझ्या मर्जीवर. तुझं काढलंस?"

"नाही."

"मग माझंही राहू दे. पण तो रकाना..."

"तो मी सगळ्यांचाच पुसणार आहे, कमे. आजपासून तिथे कोणालाही काही लिहायला लावायचं नाही."

फोन ठेवला तेव्हा जळगावची गाडी फलाटाला लागलेली होती. कंडक्टर ओरडत होता, जागाही होती. रूपाली उठली नाही. बावीस गावांत ही गोष्ट उद्या सकाळपर्यंत पोहोचणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आईच्या दारात ती दुसऱ्या कोणाच्या तोंडून जायला नको होती. जळगावची गाडी निघून गेल्यावर तिने पिशवी खांद्याला लावली आणि भुसावळमार्गे यावलला, आईच्या गावी, जाणारी गाडी कितीला आहे ते विचारायला चौकशीच्या खिडकीकडे गेली.